बिनपाण्याची

मागच्या अंकात ब्लेडवर लिहिलं होतं आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकली की ब्लेड बदलायच्या आधी तोंड नीट भिजवून बघा, तर या महिन्यात बरेचसे प्रश्न त्या एका ओळीवरच आलेत. बरं झालं. कुणाला कुणी पार सोलून काढलं की आपण म्हणतो 'त्याची बिनपाण्याची केली', म्हणजे पाणी न लावता दाढी करणं हा छळ आहे हे मराठी माणसाला कधीपासून माहीत होतं, फोमचा डबा हातात आला आणि आपणच विसरलो. तर यावेळी फक्त पाणी आणि फेस. 'कुठला रेझर घेऊ' वाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत कळ काढा.

दादा, वय २४, हिंजवडीत नोकरी, कंपनीची बस ७:२० ला. पाच पात्यांचं महागातलं कार्ट्रिज आहे, डब्यातला फोम आहे, तरी गळ्यावर लाल पुरळ येतं आणि दोन दिवसांनी केस आतल्या आत वळून गाठी होतात. रेझर बदलू का? (एक वाचक, पुणे)

रेझर राहू दे रे. तू लिहिलं नाहीयेस पण बस ७:२० ची म्हणजे मी सांगतो तुझी सकाळ कशी असते, उठला, बेसिनवर तोंडावर दोन हबके मारले, फोम फासला, खसाखसा फिरवलं, मग आंघोळ. हा क्रम उलटा कर. आधी आंघोळ, मग दाढी, आणि टॉवेलनं तोंड पुसायचं नाही.

कारण असं की दाढीचा कोरडा केस भलताच चिवट असतो. त्यात पाणी शिरलं की तो फुगतो, मऊ पडतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. पण पाणी शिरायला दोन-तीन मिनिटं तरी द्यावी लागतात. साबुदाणा भिजत घालून पाच मिनिटांत खिचडी टाक असं आईला सांगून बघ काय म्हणते ती. आणि नुसता हबका मारला तर पाणी केसावरून ओघळूनच जातं, कारण केसावर रात्रभराचा तेलकटपणा असतो, त्यात आदल्या दिवशीचं सनस्क्रीन धुतलेलं नसेल तर बघायलाच नको. म्हणून आंघोळीत साबण किंवा फेसवॉश जे काय वापरतोस ते दाढीच्या भागावर बोटांनी केसाच्या उलट दिशेनं चोळून घे, धू, आणि बाकीची आंघोळ होईपर्यंत तोंडावर पाणी येत राहू दे.

आता गळ्याचं. पाच पात्यांची गंमत अशी की पुढचं पातं केस धरून जरासा वर ओढतं, मागचं तो कापतं, आणि कापलेलं टोक परत कातडीच्या खाली सरकतं. गालावर हे खपून जातं. गळ्यावर केस आडवेतिडवे उगवतात आणि तुझे थोडे कुरळे असणार, मग खाली गेलेलं टोक वर यायचा रस्ता चुकतं आणि आतच वळतं, त्याच त्या गाठी. दोन दिवसांचे खुंट असताना गळ्यावरून बोट फिरव, खालून वर, वरून खाली, आडवं. जिकडे गुळगुळीत लागतं ती केसाची दिशा. डावी-उजवी बाजू सारखी नसते, माझी तर डावीकडे चक्क कानाकडे जाते, हे मला तिशी उलटल्यावर कळलं. दोन-तीन आठवडे फक्त सुलटा हात, उलटा अजिबात नाही, आणि रेझर दाबायचा नाही.

फोमबद्दल, त्या डब्यातून येतं ते गॅसच्या जोरावर फुगलेलं असतं, हातावर घेतलंस की किती हलकं लागतं बघ, त्यात हवाच जास्त. दिसायला ढीगभर पण केसाच्या बुडाशी जातंच असं नाही, आणि लवकर सुकतं. डबा संपेपर्यंत वापर हवं तर, पण ओल्या तोंडावर लावून मिनिटभर बोटांनी जिरव, वर अजून थोडं पाणी. बस चुकेल असं म्हणणार असशील तर रात्री झोपायच्या आधी कर, मी चार वर्षं रात्रीच करायचो, सकाळपर्यंत कातडी शांत झालेली असते. गाठींमध्ये पू असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेव, दाढी वाढू दे आणि स्किनच्या डॉक्टरला दाखव.

तुम्ही फेस फेस करता पण आमच्याकडे फेसच येत नाही. नवा ब्रश आणला, साबणाची वाटी आणली, पाच मिनिटं घोळलं तरी पांढरं पाणी आणि बुडबुडे. पुण्याला भावाकडे हाच साबण भरभरून फेसाळला. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

भावाकडे नळाला धरणाचं पाणी येत असणार आणि तुमच्याकडे बोअर किंवा टँकर, बरोबर? शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात 'दुष्फेन' आणि 'सुफेन' पाणी होतं, आठवतंय? पाठ करून पेपरात लिहिलं आणि विसरलो आपण, पण काय नेमका शब्द आहे बघा, ज्याचा फेस वाईट ते दुष्फेन. जमिनीखालच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, ते साबणातल्या स्निग्धाम्लांना जाऊन चिकटतं आणि त्याचा न विरघळणारा पांढरा राप होतो. बादलीच्या कडेला जो चिकट थर बसतो ना, तोच. म्हणजे तुमच्या साबणातला बराचसा भाग फेस व्हायच्या आधीच राप होण्यात खर्ची पडतोय.

खात्री करायची असेल तर पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा बोअरचं पाणी घ्या, साबणाचा जरासा कीस टाका आणि हलवा. दुसऱ्या बाटलीत स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी घेऊन तेच करा. शेजारी शेजारी ठेवली की मला विचारायची गरज राहणार नाही.

उपाय स्वस्त आहे. दाढीच्या फेसाला पाणी लागतं किती, एक वाटी. तेवढं आरओचं घ्या, ब्रश त्यातच भिजवा, फेस त्यातच करा, तोंड धुवायला बोअरचं चालेल. आरओ नसेल तर पाणी चांगलं उकळून, निवू देऊन वरचं वरचं घ्या, उकळल्यावर काही क्षार तळाला बसतात, सगळे नाही पण फरक पडतो. पावसाळ्यात पागोळीचं पाणी धरता आलं तर सोन्याहून पिवळं. आणि साबण जास्त घ्या, आळशासारखा ब्रश दोनदा फिरवून भागत नाही, वाटीत चांगला अर्धा मिनिट घोळा.

आता फेस कसा करायचा ते एकदा सविस्तर सांगतो कारण हे सगळ्यांनीच विचारलंय. ब्रश भिजवा, हलकासा झटका, अगदी कोरडा नाही. ट्यूब असेल तर सोललेल्या बदामाएवढं क्रीम बास. घोळायला लागलं की आधी चक्क्यासारखं घट्ट होतं, ब्रशला चिकटतं. इथेच सगळे फसतात, झाला फेस म्हणून तोंडाला लावतात, आणि तो मिनिटभरात कानशिलावर सुकून बसतो. इथून पुढे पाणी घालायचं, बोटं बुडवून चार-चार थेंब, एकदम नाही. घोळत राहा, परत थेंब. मोठे बुडबुडे दिसेनासे होतात, आवाज बदलतो, खसखस होती त्याचा लुसलुस होतो, आणि फेसावर एक चमक येते. पातळसर श्रीखंड. ब्रश उचलला की टोक उभं राहून हलकंसं वाकतं. दोन बोटांत घेऊन चोळलं तर बोटं एकमेकांवरून घसरली पाहिजेत. त्याच्याही पुढे पाणी गेलं की ताक होतं, मग परत थोडा साबण. पहिले पाच-सहा दिवस चुकेलच, एखाद्या रविवारी दाढी न करता नुसता फेस करून बघा, बायको हसेल, हसू द्या.

फेस भरपूर फुगला म्हणजे चांगला हे मात्र डोक्यातून काढा. फुगवणारी असते हवा, ब्लेड घसरतं ते पाण्यावर आणि साबणावर.

आयुष्यभर अंगाच्या साबणाने दाढी केली. वय ७१. कधी पुरळ नाही, गाठ नाही. हे तुमचे क्रीम, वाटी, ब्रश सगळे पैसे काढायचे धंदे आहेत. (एक जुने वर्गणीदार, कोल्हापूर)

काका, तुमचं चाललंय ना नीट, मग एक वस्तू विकत घेऊ नका, खरंच सांगतो. तुमच्या पत्रातच पुढे लिहिलंय की तुम्ही बंबातलं कडकडीत पाणी तांब्यात घेऊन आधी 'चांगले शेकून' घेता. अहो, मग आम्ही दुसरं काय सांगतोय! तुमचं निम्मं काम त्या तांब्यानंच होतं.

तरी फरक सांगतो. अंगाचा साबण बहुतेक सोडियमचा, कडक वडी राहावी म्हणून, फेस पटकन येतो, मोठा येतो आणि पटकन बसतो. दाढीच्या साबणात पोटॅशियम आणि स्टिअरिक अॅसिड भरपूर, त्याचा फेस बारीक, दाट, तोंडावर दहा मिनिटं टिकणारा. तुम्ही झरझर उरकत असाल तर तुम्हाला टिकाऊपणा लागतच नाही. तुमच्या नातवाला लागेल.

तुमच्या पत्रावरून आठवलं. माझे आजोबा सांगायचे, गावात न्हावी धोकटी घेऊन ओसरीवर यायचा तेव्हा साबण नसायचाच. वाटीत पाणी, आणि ओल्या हातानं गाल चोळायचा, चोळायचा, गावभरच्या गप्पा सांगत चोळत राहायचा, पाणी पार मुरेपर्यंत, आणि मगच वस्तरा. आजोबांच्या मते त्या गप्पा म्हणजे त्याचं घड्याळ होतं, गोष्ट संपली की दाढी तयार.

मिस्टरांना वाढदिवसाला ब्रश द्यायचाय. आम्ही जैन आहोत. ऑनलाइन बघितलं तर बोर, बॅजर असं काय काय लिहिलंय, काही कळत नाही. (एक वाचक, सांगली)

ताई, बोर म्हणजे डुकराचे केस आणि बॅजर हाही प्राणीच, त्यामुळे दोन्ही सोडून द्या. सिंथेटिक घ्या, आणि त्यात काही कमी घेतलं असं मनात आणू नका. आताचे सिंथेटिक मऊ असतात, भिजवत ठेवावे लागत नाहीत, क्रीमचा फेस पटकन करतात आणि सगळ्यात मोठं म्हणजे लवकर वाळतात. माझ्या बोरच्या ब्रशला रत्नागिरीच्या एका जुलैत असा वास सुटला की बाहेर गॅलरीत टांगावा लागला. घेताना एवढंच बघा की केसांचा झुपका फार मोठा नको, चेहऱ्यावर हाताळता आला पाहिजे.

साबण घेताना मात्र मागचं लेबल वाचा. बाहेरच्या बऱ्याच नावाजलेल्या साबणांमध्ये जनावराची चरबी असते, 'सोडियम टॅलोएट' किंवा 'पोटॅशियम टॅलोएट' लिहिलेलं दिसलं की परत ठेवून द्या. आपल्याकडच्या ट्यूबवर हिरवा ठिपका आहे का तेही बघा.

ब्रशवरून एक जुनी भानगड सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरचे केस मिळेनात म्हणून घोड्याच्या केसांचे ब्रश बाजारात आले, ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते, आणि इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना, साध्या माणसांनाही दाढीच्या ब्रशमधून अँथ्रॅक्स झाला, काही दगावले. आजच्या ब्रशला ती भीती नाही, पण कुणी आजोबांच्या पेटीतला शंभर वर्षांपूर्वीचा विलायती ब्रश काढून वापरायला घेणार असेल तर तो शोकेसमध्येच शोभून दिसेल.

लंडनला येऊन वर्ष झालं. मुंबईत कधी त्रास नव्हता, इथे दाढी केली की तोंड ताणल्यासारखं होतं, कातडी पांढरी पडते. थंडीमुळे? (एक वाचक, लंडन)

थंडी आणि हीटरची कोरडी हवा आहेच, पण तुमची किटली उघडून आत बघा. पांढरा थर आहे? लंडनचं पाणी चुनखडीच्या खडकातून येतं, चांगलंच दुष्फेन. वर संभाजीनगरच्या वाचकांना सांगितलं तेच तुम्हाला, एक वाटी फिल्टरचं किंवा डिआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेलं, पाणी फेसासाठी. आणि फार गरम पाणी नको, हाताला सुखाचं वाटेल एवढंच. गरम पाण्यानं केस लवकर भिजतो हे खरं, पण कडकडीत पाणी चेहऱ्याचं असेल नसेल ते तेलही घेऊन जातं. दाढी झाल्यावर तोंड ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा, अल्कोहोलवालं आफ्टरशेव मार्चपर्यंत कपाटात राहू द्या.

उलट नागपूरहून एकांनी विचारलंय की मे महिन्यात गरम पाणी तोंडाला लावायचं म्हणजे शिक्षाच आहे, गार चालेल का. चालेल की. लागतं पाणी, उष्णता नाही, गार असेल तर एखादं मिनिट जास्त द्या.

भराभर काही:

खोबरेल आधी लावू का? एखादा थेंब चोळलात तर ठीक, पण तळहातभर लावलंत तर पाणी केसात शिरणार नाही, फेस बसेल आणि कार्ट्रिजच्या पात्यांमध्ये केस-तेलाचा गोळा अडकेल. तुरटी? नंतर, गार पाण्यानं तोंड धुवून ओल्या तोंडावर फिरवा, मिनिटभरानं धुवून टाका. ती झोंबते कुठे त्यावर लक्ष ठेवा, जिथे झोंबली तिथे आज हात जड पडला. सलूनमध्ये? ब्लेड तुमच्यासमोर पाकीट फोडून घालायला सांगा, यात भिडेखातर गप्प बसायचं नाही, हिपॅटायटिस आणि एचआयव्ही दोन्ही रक्तातून जातात. सगळ्यांना फिरणारा ब्रश नको असेल तर क्रीम हातानं लावायला सांगा, कारागीर लोक हातानंही छान जिरवतात.

आणि ज्यांनी विचारलंय की 'तुम्हाला कधी कापलं नाही का', कापलं की. मावसभावाचं लग्न, एका लॉजवर उतरलेलो, मुहूर्त सकाळचा, गरम पाणी संपलेलं, बाहेर चार पाहुणे दार वाजवतायत. लॉजची ती नखाएवढी साबणाची वडी, कोरडं तोंड, नवंकोरं ब्लेड. जबड्याखाली असा काप गेला की अल्बममध्ये मी प्रत्येक फोटोत हनुवटीला कागदाचा तुकडा लावून उभा आहे. मावशी अजून तो फोटो पाहुण्यांना दाखवते.

वडील ८३ वर्षांचे, पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेत. पूर्वी रोज घोटून दाढी करायचे, आता मी करतो. मला धड जमत नाही, ते ओरडतात, रक्त पातळ राहायच्या गोळ्याही चालू आहेत. काय करू? (एक वाचक, सातारा)

गोळ्या चालू आहेत म्हणजे आधी डॉक्टरांना विचारा की ब्लेड वापरलेलं चालेल का. नाही म्हणाले तर ट्रिमर, थोडे खुंट राहिले तर राहू द्या. हो म्हणाले तर साधं एक-दोन पात्यांचं रेझर, नवं, आणि एकदाच सुलटा हात.

बाकी सगळं भिजवण्यात आहे. उशा लावून त्यांना होईल तेवढं बसतं करा, छातीवर टॉवेल. नॅपकिन गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळा, आधी स्वतःच्या मनगटावर ठेवून बघा, पक्षाघात झालेल्या बाजूला गरम लागलेलं त्यांना कळेलच असं नाही. मग तो चेहऱ्यावर ठेवा, नाक मोकळं ठेवून. निवला की परत. असं तीनदा. मग फेस वाटीतच तयार करा आणि ब्रशनं लावा, हातानं नको, ज्यांनी आयुष्यभर ब्रश वापरलाय त्यांना तो गालावर गोल फिरलेला ओळखीचा वाटतो, ओरडणं तिथेच थोडं कमी होईल बघा. फेस जरा जास्त ओला ठेवा. म्हातारी कातडी सैल असते, म्हणून दुसऱ्या हाताच्या बोटांनी कानाकडे ताणून धरा आणि ताणलेल्या तेवढ्याच भागावर दोन इंच फिरवा, मग पुढचा भाग. कवळी काढलेली असेल तर बसवून घ्या, गाल आत गेलेले असले की ब्लेड अडखळतं. गिळायला त्रास असेल तर ओठांजवळ फेस अगदी पातळ लावा. दमले तर अर्ध्यावर थांबा, उरलेली संध्याकाळी.

आणि ते ओरडतात ते दुखतं म्हणून की तुम्ही चुकीचं करताय म्हणून, हे एकदा विचारून बघा. त्यांचा जो हात चालतो त्यात छोटा आरसा द्या. कल्ले कुठपर्यंत ठेवायचे आणि हनुवटीखाली कुठला केस राहिलाय ते तेच दाखवतील.